कंपवाताच्या गोळ्या तालुक्यातच मिळाव्यात

महोदय,

माझ्या यजमानांना काही वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन्स) आहे आणि त्यांचे उठणे-बसणे, औषधपाणी सारे मीच पाहते. या आजारात मेंदूतील डोपामिन हे हालचालींना लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. तो थांबवणारे औषध अजून नाही, पण लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळीने डोपामिनची उणीव काही तासांपुरती भरून निघते. सकाळची गोळी लागू पडली की त्यांची बोटे सैल होतात आणि सदऱ्याच्या गुंड्या ते स्वतः लावतात. वरण किंवा दूध गोळीसोबत दिले तर प्रथिनांमुळे तिचा गुण कमी येतो, म्हणून जेवण मागाहून. गोळीला उशीर झाला, तर उंबरठ्यापाशी त्यांचे पाय खिळून राहतात. तिथे मी चुन्याची रेघ ओढली आहे. ती ओलांडा म्हटले की पाऊल उचलते. शेजाऱ्यांना तो तोडगा वाटतो, पण हा उपाय डॉक्टरांनीच सांगितलेला आहे.

ही गोळी देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. तरीही आमच्या भागातील सरकारी दवाखान्यात ‘साठा नाही’ हेच उत्तर मिळते आणि मागणी कमी म्हणून औषध दुकानदारही ती ठेवत नाहीत. ऐन कापूस वेचणीत मजुरी बुडवून, यजमानांजवळ कुणाला तरी बसवून, केवळ गोळ्यांसाठी एसटीने यवतमाळ गाठावे लागते. गोळी अचानक बंद पडली तर अंग ताठरते, ताप चढतो आणि प्रसंगी जिवावर बेतते, हे औषध खरेदी करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

मला तितकीच धास्ती उलटीच्या इंजेक्शनाची वाटते. मेटोक्लोप्रामाइड हे उलटी थांबवणारे औषध दिल्यास कंपवात बळावतो, असे नागपूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद मी यजमानांच्या खिशात ठेवते. खरे तर ही सूचना दवाखान्याच्या केसपेपरवरच ठळक अक्षरांत असायला हवी.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत पार्किन्सन्सचा समावेश आहे, मात्र प्रमाणपत्रासाठी पाय न उचलणाऱ्या माणसाला जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते. त्याची तपासणी शिबिरे तालुक्यात व्हावीत. त्याआधी, जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कंपवाताच्या रुग्णांची नोंद करून त्यांना पुरेल असा किमान दोन महिन्यांचा गोळ्यांचा साठा ठेवावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, जि. यवतमाळ