हेल्मेटचं नाव न सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमचा नंबर घ्यायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय. तुमच्या ओळखीतल्या कुणाच्या वाचनात आलं तर तुमच्यापर्यंत पोचेल. नाहीच पोचलं, तर निदान दुसऱ्या कुणाच्या कानांना उपयोग होईल.

खूण सांगतो. हायवेलगतच्या पेट्रोल पंपाशेजारी झाडाखाली मी हेल्मेट काढून, दोन्ही तळहातांनी कान दाबून बसलो होतो. साडेचार तास जवळजवळ न थांबता बाईक चालवून आलो होतो. कानांत कापूस कोंबल्यासारखं झालं होतं आणि त्या कापसाच्या आतून एक बारीक शीळ येत होती. तुम्ही बाईक स्टँडवर लावून जवळ आलात, काहीतरी विचारलंत. मी तीनदा ‘काय?’ म्हणालो. मग तुम्ही शेजारी बसून सावकाश विचारलंत, ‘आवाज कसा येतो? शिट्टीसारखा, घोंघावल्यासारखा, की कुणी डोक्यावर थापा मारल्यासारखा?’

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. माझ्या लेखी तो फक्त ‘वाऱ्याचा आवाज’ होता. त्याच्यापायी दोन वर्षांत दोन हेल्मेटं घेऊन झाली होती आणि तिसरं घ्यायचं डोक्यात होतं. म्हणून मी उलट तुम्हालाच विचारलं, ‘तुमचं हेल्मेट कुठलं?’ तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, ‘नाव सांगणार नाही. माझी उंची वेगळी, डोकं वेगळं, बाईक वेगळी. आधी तुमचा आवाज कुठून येतो ते शोधू.’

ताई, नाव सांगणं किती सोपं होतं! दोन शब्द बोलून तुम्ही पुढे निघू शकला असता. त्याऐवजी भर दुपारी अनोळखी माणसासाठी तुम्ही दीड तास दिलात. आभार मुख्यतः त्या दीड तासाचे.

पंपामागच्या रिकाम्या, सरळ रस्त्यावर तुम्ही माझ्याकडून जे करून घेतलंत ते मी तेव्हापासून बऱ्याच जणांना सांगितलं आहे. वेग बेताचा आणि एकसारखा ठेवायचा. आधी फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, जरासं उठून डोकं पाच-सहा इंच वर न्यायचं. मी उठलो आणि डोक्यावरच्या थापा थांबल्या, नुसता सपाट सूं-सूं उरला. बसलो की परत थापा. मग डाव्या हाताचा तळवा हनुवटीखाली, हेल्मेटच्या खालच्या कडेशी धरायचा: घोंघावणं एकदम उतरलं. शेवटी अंगठ्यानं हेल्मेटच्या काचेची वरची कड दाबायची: शिट्टी बंद. तीन आवाज, तीन जागा. एवढी वर्षं मी त्यांची एकच मोट बांधून सगळा दोष हेल्मेटवर टाकत होतो.

थापांचं मूळ माझ्या विंडस्क्रीनमध्ये होतं, आणि हे माझ्या गळी उतरवायला तुम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला. स्क्रीन वारा अडवते, म्हणजे आवाजही अडवत असणार, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही समजावलंत की स्क्रीनच्या कडेवरून सुटलेला वारा फाटतो, त्याचे भोवरे होतात, आणि ते भोवरे नेमके माझ्या हनुवटीवर नि काचेवर येऊन आदळतात. सरळ आलेला स्वच्छ वारा वेगवान असला तरी हेल्मेटवरून घसरून जातो; फाटलेला वारा मात्र डोकं बडवतो. स्क्रीन एक तर इतकी उंच हवी की वारा डोक्यावरून जाईल, नाहीतर इतकी बुटकी की भोवरे छातीवर बसतील आणि डोक्याला स्वच्छ वारा मिळेल. मधली उंची सगळ्यांत वाईट. आणि ही ‘मधली’ माणसागणिक बदलते, म्हणून एकाची तक्रार दुसऱ्याला खोटी वाटते. तुमचं वाक्य होतं, ‘दोन्ही हेल्मेटं तुम्ही एकाच वादळात घातलीत.’

तुमच्याच पान्यानं आपण स्क्रीनचे चार बोल्ट काढले आणि मी तसाच एक फेरा मारून आलो. छातीवर वारा जाणवला, पण डोकं स्थिर होतं. परतताना डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वाऱ्यानं आलं असं मी तुम्हाला सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं. पुढे मी बुटकी स्क्रीन बसवली, तीही खालून थोडी फट ठेवून. त्या फटीतून वारा स्क्रीनच्या मागे शिरतो, तिथली पोकळी भरते आणि भोवरे मंदावतात.

हेल्मेट मात्र बदलावं लागलं, कारण ते एक माप मोठं निघालं. तुम्ही ते धरून डावीकडे-उजवीकडे वळवलंत तेव्हा माझे गाल जागेवरच राहिले आणि हेल्मेट एकटं फिरलं. बरोबर मापाचं असेल तर गालाची कातडी त्याच्याबरोबर ओढली जाते. मागून वर ढकललं तर ते कपाळावरून निसटता कामा नये, ही दुसरी परीक्षा. त्यातही माझं नापास झालं. अपघातात असं हेल्मेट डोक्यावर राहीलच याचा भरवसा नाही, आणि हे तुम्ही सैलपणानं होणाऱ्या आवाजाचं काही बोलण्याआधी सांगितलंत. सैल हेल्मेटला जबड्याखाली मोठी फट राहते. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनीही हनुवटीची पट्टी आणि हेल्मेटची खालची बाजू हा कानापर्यंत पोचणाऱ्या आवाजाचा मोठा स्रोत असल्याचं दाखवलं आहे. हे मी नंतर वाचलं आणि हनुवटीखाली धरलेला हात आठवला.

नवं हेल्मेट घेताना तुमचे शब्द कानात होते. प्रत्येक हेल्मेट वीस मिनिटं घालून बसलो. कपाळावर एका ठिकाणी दुखलं की परत ठेवलं, कारण ते दुखणं दोन तासांनी असह्य होतं. गालांवर घट्ट बसलं तर चालवून घेतलं, कारण गालाच्या गाद्या वापरानं दबतात. मानेभोवतीची गादी चहूबाजूंनी टेकते का ते बोट फिरवून पाहिलं. काच बंद केली की रबराच्या पट्टीवर सगळीकडे सारखी बसते का, हेही पाहिलं. बाहेरून जितकं गुळगुळीत तितकं बरं. ज्याला छज्जा असतो ते हेल्मेट धूळमातीच्या रस्त्याला ठीक, पण वेगात तो छज्जा वारा धरतो. पुढून उघडणाऱ्या मॉड्युलरमध्ये सांधे जास्त आणि प्रत्येक सांधा ही वाऱ्याला एक जागा. तरी नीट जुळवलेलं मॉड्युलर पुढून न उघडणाऱ्या पण ढिसाळ फुल फेसपेक्षा शांत असू शकतं.

‘शोरूममधल्या शांततेवर जाऊ नका’ हेही तुम्ही बजावलं होतं. मला ते पुढे पटलं. हेल्मेट घातल्यावर दुकानातली बडबड दबते, कारण ते वरच्या पट्टीचे आवाज चांगले अडवतं. वाऱ्याचा आवाज बहुतेक खालच्या पट्टीतला, आणि तो हेल्मेटवरच जन्मतो. तिथे हेल्मेटचा इलाज फारसा चालत नाही. जाहिरातीतले डेसिबलचे आकडेही एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण एक प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात मोजलेला असतो तर दुसरा कुठल्यातरी वेगळ्या बाईकवर.

बाकी किरकोळ गोष्टी मार्गी लागल्या. काचेच्या रबरावर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं, बिजागरीचे स्क्रू नीट केले, शिट्टी गेली. हनुवटीखाली कापडी पडदा लावला, जॅकेटची फडफडणारी कॉलर बटणानं बांधली, गळ्याला नेक ट्यूब आली. पडद्यानं काच लवकर धुरकटते, म्हणून पावसात वरचं व्हेंट, म्हणजे हवेचं भोक, उघडं ठेवतो आणि थोडा आवाज सोसतो. कवचाला भोक पाडणं, आत जादा फोम चिकटवणं असले उद्योग तुम्ही सक्त मना केले होते. ते मी पाळलं.

आता इअरप्लगबद्दल. खरं तर पत्र इथूनच सुरू व्हायला हवं होतं.

तुम्ही खिशातून फोमच्या प्लगची डबी काढलीत तेव्हा मी नाही म्हणालो होतो. हॉर्न ऐकू येणार नाही ही भीती होती. तुम्ही म्हणालात, ‘मी ध्वनिमुद्रणाचं काम करते, माझं पोट कानांवर आहे. हे घातल्याशिवाय मी बाईक सुरू करत नाही.’ मग हिशेब मांडलात. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आत आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. कामगारांच्या आरोग्यासाठी असलेल्या नायॉश या अमेरिकी संस्थेच्या शिफारशीत ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास मुभा आहे आणि दर ३ डेसिबलमागे ती निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. मी साडेचार तासांवर होतो. तुम्ही आकडे धुळीत काडीनं लिहिलेत, आणि १५ या आकड्याकडे मी बराच वेळ बघत राहिलो.

प्लग घालायची पद्धतही तुम्हीच शिकवलीत: बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरायचा. स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमला की बसला. पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, वरवर खोचलेला प्लग त्याच्या निम्माही उपयोगी पडत नाही.

आणि हॉर्न ऐकू आला. मागच्या ट्रकचा तर आधीपेक्षा स्पष्ट आला, कारण त्याला झाकणारं वाऱ्याचं पांघरूण दूर झालं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या बाईकची चेन कोरडी वाजते हे मला पहिल्यांदा कळलं. काही ठिकाणी बाईक चालवताना कानात काही घालायला कायद्याची आडकाठी असते, तेवढं ज्यानं त्यानं आपापल्या ठिकाणी पाहून घ्यावं.

निघताना तुम्ही म्हणालात, ‘११० वरून ९० वर या, चारपाच डेसिबल फुकट मिळतील.’ वाऱ्याचा आवाज वेगापेक्षा कितीतरी झपाट्यानं वाढतो, म्हणून असं होतं. मी आता बहुधा ९० वरच असतो. पोचायला जो वेळ जास्त लागतो तो पोचल्यावर भरून निघतो; पूर्वी घरी आल्यावर तासभर कुणाशी बोलवत नसे.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती, कारण तेव्हा मलाच माहीत नव्हती. तुमच्या सांगण्यावरून कानांची तपासणी केली. आलेखात २५० पासून २००० हर्ट्झपर्यंत (हे आवाजाच्या पट्टीचं माप) रेघ ठीक होती आणि ४००० वर खाली बुडाली होती, डाव्या कानाची जास्त. मोठ्या आवाजानं ऐकणं जातं तेव्हा खड्डा बहुधा तिथेच पडतो, असं डॉक्टर म्हणाले. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी गेल्या की परत येत नाहीत. ती बारीक शीळ रात्रीच्या शांततेत अजून ऐकू येते आणि बहुतेक येतच राहील. मला वाईट वाटलं, अजून वाटतं.

यंदा दुसऱ्यांदा तपासणी झाली. मधल्या काळात अकरा हजार किलोमीटर चालवलं, एकही फेरी प्लगशिवाय नाही. दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले. रेघ होती तिथेच आहे. ते कागद हेल्मेटच्या पिशवीत ठेवले आहेत. पुन्हा एखाद्या पंपावर भेट झालीच, तर आधी तुमच्या हातात ते देणार आहे.

तुमचा कृतज्ञ,
झाडाखाली कान दाबून बसलेला बाईकवाला