न उघडताच इंजिन बाद कसे?

महोदय,

आपल्या वाहनविषयक पुरवणीत विश्रामबागच्या एका वाचकाने पावसाच्या पाण्यात बंद पडलेल्या स्पोर्ट्स कारबद्दल विचारले होते. ‘दुरुस्तीच्या फंदात न पडता सरळ नवे इंजिन बसवा’, असे उत्तर त्याला मिळाले. उत्तर देणारे जाणकार असतील, पण त्यांनी ते इंजिन उघडलेले नाही. माझा सगळा जन्म मिरजेत बोअरिंग मशीनवर, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर कापून मापात आणण्यात गेला. आता दुकान मुलगा बघतो, मी फक्त मापे घ्यायला जातो. म्हणून हे पत्र.

गाडी पाण्यात उभी होती की चालू होती, हे पहिल्यांदा विचारायला हवे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा सांगलीतल्या कितीतरी गाड्या दारातच बुडाल्या. इंजिन बंद, त्यामुळे रॉड वाकण्याचा प्रश्न नव्हता. नुकसान होते ते गाळाचे आणि गंजाचे. ज्यांनी किल्ली न फिरवता गाडी ओढून आणली, प्लग काढून आतले पाणी काढू दिले, ऑइल बदलले, त्यांचे बरेचसे निभावले. ‘चालू तरी होते का बघू’ म्हणून ज्यांनी स्टार्टर मारला, त्यांचे काम वाढले. चालू गाडीने पाणी ओढले तर गोष्टच वेगळी. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर अडतो, आणि क्रँकचा, म्हणजे खालच्या फिरत्या दांड्याचा, जोर दोघांना जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर येतो.

गेल्या पावसाळ्यात तासगावकडच्या एका बेदाणा व्यापाऱ्याची 2017 सालची फोर्ड मस्टँग अशीच आली. सेकंडहँड घेतलेली, हौसेची गाडी. शंभर फुटी रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यात ती बंद पडली होती. बाहेरगावच्या एका वर्कशॉपने त्याला पूर्ण इंजिनाचे एस्टिमेट हातात दिले होते. त्यात बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीचे, एकही माप नव्हते, आणि आकडा असा की तेवढ्यात द्राक्षाची नवी बाग उभी राहावी.

आम्ही इंजिन उतरवले, सिलिंडरवरची झाकणे, म्हणजे दोन्ही हेड, काढली. एकेक पिस्टन टॉपला आणून ब्लॉकच्या वरच्या पातळीपासून तो किती खाली राहतो ते डेप्थ गेजने मोजले. सात पिस्टन सारखे आले. एक साधारण अर्धा मिलिमीटर खाली राहिला. तो रॉड बाहेर काढून काचेवर ठेवला तर डोळ्यालाही बाक दिसत होता, आणि त्याच्या पिस्टनचा स्कर्ट एकाच बाजूने घासून चकाकत होता. बोअर मात्र स्वच्छ. नखाला लागेल अशी रेघ नाही. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि आडवे-उभे मोजले. ओव्हॅलिटी, म्हणजे गोलाईतला फरक, नगण्य होती. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला, तोही सरळ. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्याला चुंबकाची तपासणी चालत नाही, म्हणून मेन बेअरिंगच्या, म्हणजे क्रँक बसतो त्या, जागांना डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंग) मारून तडा शोधला. निघाला नाही. मग ठरले, इंजिन बांधायचे.

इथे जुन्या ट्रॅक्टरच्या सवयी चालत नाहीत. ह्या इंजिनाचे रॉड अखंड घडवून मग क्रँकला धरणाऱ्या कड्यात फोडलेले असतात, सुटा होणारा अर्धा भाग म्हणजे टोपी. त्या फुटलेल्या कडा एकमेकांतच बसतात, दुसऱ्या रॉडची टोपी लागत नाही, आणि वाकलेला रॉड प्रेसवर सरळ करून घालणे म्हणजे शुद्ध मूर्खपणा. हेडचे बोल्ट ताणून बसणारे, ते एकदा सोडले की नवेच घ्यायचे. बोअर मूळचा 92.2 मिलिमीटर, आतले लोखंडी अस्तर, लायनर, पातळ, त्यामुळे बोअर कापून भरपूर मोठा (ओव्हरसाइज) करून चालत नाही. होनिंग, म्हणजे बोअरची आतून बारीक घासाई, करायचे तर ब्लॉकवर हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट आवळून, कारण हेड आवळल्यावर ॲल्युमिनियमचा ब्लॉक किंचित ओढला जातो आणि गोल बोअर गोल राहत नाही. ज्याच्याकडे ही प्लेट नाही त्याच्याकडे असले काम देऊ नये, मग तो माझा मित्र का असेना.

रॉड तुटून ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर आला, मेन बेअरिंगच्या जागेला तडा गेला किंवा क्रँक निळा पडून वाकला, तर मीच हात जोडून सांगतो, बदला. मधला मार्गही असतो: ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन जोडून तयार आलेला शॉर्ट ब्लॉक घ्यायचा आणि आपली हेड, चेन, मॅनिफोल्ड त्यावर चढवायची. त्या पुरवणीत या मार्गाचा उल्लेखही नाही. साध्या हॅचबॅकला पूर्ण इंजिन परवडते, वाद घालण्यात अर्थ नसतो. मोजक्या संख्येने आलेल्या गाडीचे गणित निराळे. शिवाय फोर्डने 2021 मध्ये भारतातले उत्पादन थांबवायचे जाहीर केल्यापासून सुटा भाग मागवायचा म्हटला तरी वाट बघायची तयारी लागते.

विम्याचे म्हणाल तर पाणी शिरल्यावर स्टार्टर मारून झालेले नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे जादा कलम घ्यावे लागते. आणि सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत एकही नट सोडू नका. आमच्याकडे उघडलेले इंजिन घेऊन येणारे असतात, त्यांना काय उत्तर द्यायचे?

जुन्या बाजारातून इंजिन आणणाऱ्यांसाठी एक राहिलेच. ब्लॉक तोच ठेवला तर आरसी बुकाला हात लावावा लागत नाही. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे त्याची नोंद आरटीओकडे करावी लागते. बिल, विकणाऱ्याची कागदपत्रे आणि नंबराचा ठसा आधी घ्या, पैसे नंतर द्या. ती नोंद न करता गाडी विकायला काढली तर चेसिस नंबर जुळतो, इंजिन नंबर जुळत नाही, आणि ठरलेले गिऱ्हाईक विसार परत मागते.

– एक जुना बोअरिंगवाला, मिरज