नाण्यावरचे उलटे सिंह

लोकमान्य नगर, इंदूर
रविवार

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा भाचा परवा नाण्याचं पाकीट आणि 'हे टाकसाळीत चुकून असं छापलं गेलं का?' असं विचारणारी तुझी चिठ्ठी देऊन गेला. पोहे खाल्ल्याशिवाय हिने त्याला उठू दिलं नाही. फोनवर सांगणार होतो, पण तुझा आवाज ऐकला की माझी जीभ अडखळली असती, म्हणून लिहूनच कळवतोय. तुझं पाच रुपयांचं नाणं टाकसाळीत चुकलेलं नाही. तिथून ते चांगलं धडधाकट बाहेर पडलं आणि नंतर कुणीतरी त्याचे हाल केले. तुला वाईट वाटेल, मलाही वाटलं. पण कशावरून म्हणतो ते सविस्तर सांगतो. नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नकोस, नाणं परत आलं की स्वतः पाहा.

आपल्याकडचे नाणेवाले ज्याला 'लखी' म्हणतात, ती चूक अशी होते. छापयंत्रात दोन ठसे असतात आणि त्यांच्या मधे येते कोरी चकती. छापलेलं नाणं खाली पडायच्या ऐवजी कधीतरी एका ठशालाच चिकटून राहतं. पुढची चकती आली की तिच्या एका अंगावर ठसा नीट बसतो, पण दुसऱ्या अंगाला ठशाऐवजी ते चिकटलेलं नाणं भेटतं. मग त्या नाण्याचंच चित्र तिथे उमटतं, खोलगट आणि आरशात दिसावं तसं उलटं. सिंहांच्या खऱ्या लखीत एका बाजूला उठावाचे सिंह आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह आत गेलेले. पाचाचा आकडा तिथे असूच शकत नाही, कारण पाचाचा ठसा त्या चकतीला शिवलेलाच नसतो.

आता तुझं नाणं. काल दुपारी चारच्या उन्हात खिडकीशी बसलो आणि दहापट भिंगाखाली ते सावकाश फिरवलं. आत गेलेले सिंह आहेत, 'भारत' उलटं वाचता येतं. इथवर पाहून कुणीही हरखून जाईल. पण त्याच सिंहांच्या खाली पाचाचं पोट अजून शिल्लक आहे! आकड्याची गोलाई चेपून पसरली आहे आणि शेजारच्या फुलाची एक पाकळी उलट्या 'त'च्या दांडीखाली अर्धी दबली आहे. म्हणजे पाच आधी छापला गेला, सिंह नंतर त्याच्यावर दाबले.

तू म्हणशील, छापलेलं नाणं दुसऱ्यांदा यंत्रात अडकलं असेल. अडकतात, खरंय. पण मग मागच्या अंगावर ठसाही दुसऱ्यांदा बसला असता आणि त्याच्या रेषा ताज्या, धारदार दिसल्या असत्या. तुझ्या नाण्याच्या मागच्या बाजूला सिंहांची तोंडं सपाट आणि चकचकीत झाली आहेत, आयाळीचे केससुद्धा पुसले गेलेत. तिथे ठसा नव्हता, लोखंडाचा गुळगुळीत जबडा होता. दोन नाणी एकावर एक ठेवून शिकंज्यात, म्हणजे कारागिराच्या लोखंडी पकडीत, आवळली की नेमकं असंच होतं.

वजन मी सराफ्यातल्या एका ओळखीच्या सराफाकडे केलं. बरोबर ९ ग्रॅम भरलं, जेवढं त्या तांबं-निकेलच्या पाचाचं असायला हवं तेवढंच. लोहचुंबकालाही चिकटत नाही, तेही योग्यच. पण त्यानं आपल्याला काहीच कळत नाही, कारण नाणं खरंच आहे, खोटी आहे ती चूक. चुकीच्या धातूच्या चकतीवर छापलेलं नाणं असतं, तर काटा आणि चुंबक उपयोगी पडले असते.

हे मी पुस्तकी शिकलेलो नाही. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंना सिंह असलेला रुपया घेतला होता, तीन हजार मोजून. घरी येऊन कोटा फरशीवर टाकला तर खणखणीत वाजण्याऐवजी बद्द आवाज आला. भिंगातून पाहिलं तेव्हा उंच काठाच्या आतल्या बाजूने केसासारखी बारीक फट गोल फिरलेली दिसली. एक नाणं वाटीसारखं कोरून त्यात दुसऱ्याची बारीक केलेली चकती बसवली होती. जादूगार वापरतात तसलं. विक्रेत्याने ओळखही दाखवली नाही. ती रात्र मला झोप लागली नाही, आणि तेव्हापासून मी नाणं किती विचित्र दिसतं हे बघणं सोडलं. यंत्राच्या हातून हे होऊ शकतं का, कोणत्या पायरीवर, हे आधी ठरवतो.

आणि त्याच नजरेने मला घरातलंच नाणं सापडलं. आमच्या दादांच्या डब्यातला 'उंदराने कुरतडलेला रुपया' तुला आठवतो का? स्टीलचा, १९९० नंतरचा, कडेला चंद्रकोरीएवढा घास नसलेला. किराणावाला घेत नव्हता, दूधवाला घेत नव्हता, म्हणून तो डब्यातच राहिला. मागच्या महिन्यात तो भिंगाखाली धरला आणि अंगावर काटा आला. घासाजवळ कानशीचा एकही ओरखडा नाही. तिथली अक्षरं कापली गेलेली नाहीत, कडेकडे ओढल्यासारखी निमुळती झाली आहेत. आणि घासाच्या अगदी समोर, पलीकडच्या टोकाला, नाण्याचा काठ जवळजवळ नाहीसा झालाय.

या समोरच्या पुसट काठातच सगळं आलं. चकत्या लांब पट्टीतून ठोकून काढतात. पट्टी नीट सरकली नाही तर ठोकणी आधीच्या भोकावर थोडी चढते आणि चकतीचा एक घास कमी पडतो. मग काठ उचलायला चकती दाबून फिरवतात, तेव्हा घासाच्या जागी दाब मिळत नाही, म्हणून बरोबर समोरचा काठही उचलला जात नाही. कानशीने घास काढणाऱ्याला हे साधत नाही, कारण त्याच्या हाती नाणं येतं तेव्हा काठ आधीच पूर्ण झालेला असतो. वजन ४.८५ ग्रॅम हवं, भरलं ४.६. एका कामगाराच्या पाळीत, एका क्षणी पट्टी जराशी अडली, आणि तो क्षण दादांनी नकळत इतकी वर्षं सांभाळला. बंड्या, मला या छंदात हेच आवडतं रे, पैसे नाहीत.

तू चिठ्ठीत विचारलेल्या बाकीच्या दोन गोष्टी. सालाखालचा ठिपका ही चूक नाही, ती नोएडा टाकसाळीची खूण. मुंबईचा पत्त्यांतला चौकट, हैदराबादचा तारा, आणि कोलकात्याची खूणच नसते. आणि तुझ्या आजोबांकडचा तो होळकरी रुपया, मल्हारनगरचा, सूर्यमुखाचा. त्याचा छाप एका बाजूला सरकलेला म्हणून तो 'एरर' असं कुणी सांगितलं असेल तर हसू नकोस, पण मानूही नकोस. ती नाणी हातोड्याने पाडलेली, ठसा चकतीपेक्षा मोठा. अख्खी अक्षरं क्वचितच बसायची. त्याची किंमत त्याच्या सूर्यात आहे. घासूनपुसून चमकवू मात्र नकोस, हात जोडतो.

राहिला तो माणूस, जो तुझ्या पाचाचे दोन लाख देतो म्हणतो आणि आधी 'नोंदणी'चे अडीच हजार मागतो. त्याला एक पैसा देऊ नकोस. रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्र दाखवत असेल तर तेही खोटं. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क वा कमिशन मागत नाही, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय. आजच त्याचा नंबर बंद कर. वहिनींनाही सांग, फोन त्यांच्याकडे येतो म्हणालास.

नाणं भाच्याबरोबर परत पाठवतोय, वेगळ्या कागदात, वर 'शिकंजा' लिहून. दादांचा रुपया इथेच ठेवलाय. दिवाळीत येशील तेव्हा समोरचा काठ तुझा तूच शोध, मी बोट दाखवणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या