योकोकावाहून (जपान) परतल्यावर

प्रिय बंड्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. वर्षभर पत्र नाही, फोन नाही, आणि दादाच्या त्या घर विकायच्या कागदावर सहीही नाही. तब्येत बरी आहे, शुगर बॉर्डरवर, गोळी एकच. एवढं पुरे.

काल योकोकावाला जाऊन आलो, एकटाच. बायको म्हणाली, "इंजिनं बघायला तीन तास जायचं?" तिला काय समजावणार, ती पडली दादरची. ताकासाकीहून लोकल निघते, डावीकडे म्योगी डोंगराचे सुळके दिसायला लागतात, अगदी आपल्या इर्शाळचे चुलतभाऊ. योकोकावा आलं की रूळच संपतात. पुढे घाट आहे, गाडी नाही.

टोकियोतलं उएनो ते नागानो 'आसामा' नावाची लिमिटेड एक्सप्रेस होती, १९६६ पासून. नाव तिथल्या ज्वालामुखीचं. योकोकावाला ती थांबायची ती, आपल्या कर्जतसारखंच, बँकर म्हणजे घाटासाठीची जादा इंजिनं लावायला! ईएफ-६३ जातीची दोन इंजिनं, जोडीनेच, गाडीच्या उताराकडच्या टोकाला. चढताना ढकलायची, उतरताना धरून ठेवायची. घाटमाथ्यावरच्या कारुइझावापर्यंत ११.२ किमी, तेवढ्यात साडेपाचशे मीटर चढ. चढायला १७ मिनिटं आणि उतरायला २४. आणि आता नीट बसून वाच: आपला बोरघाट ३७ला १ (३७ मीटर गेलं की एक मीटर वर), हा १५ला १. आठवीत तू पैज मारली होतीस ना, जगात आपल्यापेक्षा वाईट चढ असेल तर तिथे इंजिन घसरू नये म्हणून दात्यांचा रूळ लागतोच? १८९३पासून इथेही मधोमध दात्यांचा रूळ होता, कबूल. पण १९६३मध्ये त्यांनी नवा मार्ग टाकला आणि दाते काढून टाकले. चार वडे देणं लागतोस. चटणीसकट.

पण पत्र वड्यांसाठी लिहीत नाहीये. तिथल्या जुन्या शेडचं आता रेल्वे संग्रहालय झालंय. एका इंजिनाच्या केबिनमध्ये चढलो. ड्रायव्हरच्या सीटचं रेक्झिन एका कडेला फाटून आतला स्पंज पिवळा पडलेला, आणि हँडलची मूठ इतकी गुळगुळीत की नुकतीच कोणी हात काढून घेतलाय असं वाटावं. आबा म्हणायचे आठवतं? "घाटात गाडी बँकरवाला चालवतो, पुढचा नुसता भोंगा वाजवतो." तू त्यांच्या तोंडावर हसला होतास आणि आबा दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. अरे, इथे ते शब्दशः खरं होतं! १९७५मध्ये १८९ सीरिजची गाडी आली. तोवर आसामाला घाटात आठच डबे नेता यायचे, तिच्यामुळे बारापर्यंत नेता येऊ लागले, कारण तिच्या स्वतःच्या मोटारीही चढावर जोर लावायच्या आणि त्या मोटारींची सूत्रं बँकरच्या ड्रायव्हरच्या हातात. तो सगळ्यात मागे बसून अख्खी गाडी चालवायचा, पुढचा ड्रायव्हर सिग्नल बघून त्याला सांगायचा. मी त्या केबिनमध्ये मोठ्याने हसलो. शेजारचा म्हातारा दचकला, मग तोही हसला. त्याला काय कळलं देव जाणे.

३० सप्टेंबर १९९७ला शेवटची आसामा गेली, त्या वर्षी आपण दहावीला होतो. दुसऱ्या दिवशी नागानोपर्यंत शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुरू. नाव मात्र तिने उचललं, तीही आसामाच. घाटातला मार्ग बंद, बदल्यात बस. रोजची माणसं थोडी, आणि तेवढ्यासाठी ती इंजिनं आणि त्यांची माणसं पोसायची कोणी? हिशोब चुकीचा नाही. म्हणूनच राग कोणावर काढावा कळत नाही.

आपल्याकडेही सुरुवात झालीच आहे. २०२३पासून सोलापूरची वंदे भारत बँकर न लावता घाट चढते, कर्जतला थांबत नाही. दादा म्हणतो, पनवेलची लाईन होतेय, भाव आलाय, आत्ताच विकू. बिल्डरही घाईत. मी पेन उघडतो आणि मला मागच्या खोलीची खिडकी दिसते, ती बँकरचा धक्का बसला की थरथरायची ती. खोटं कशाला बोलू, पैसेही दिसतात. घर कोणासाठी ठेवायचं? पोरगं इथे वाढलंय, त्याला कर्जत म्हणजे आजीच्या फोटोमागची भिंत. आणि मी तरी दोन वर्षांतून चार दिवस येणार, त्यातले दोन डास मारण्यात. तरी सही होत नाही. तू म्हणशील नाटकं करतो. कर म्हण.

हो, जेवलो. योकोकावाला बँकर लागेपर्यंत लोक उतरून कामामेशी घ्यायचे, मातीच्या भांड्यातला भात, १९५८पासूनचा. गाडी हलली की विकणारे फलाटावर रांगेत उभे राहून वाकून नमस्कार करायचे. आपले वडेवाले धावत्या गाडीमागे सुट्टे पैसे मागत पळायचे, पण वेळ तीच, बँकर लागण्याची. भात अजून मिळतो. त्यात लावीचं अंडं, चेस्टनट आणि चक्क जर्दाळू. कोंबडीही होती, खाल्ली. आईच्या तिथीच्या आठवड्यात. वहिनीला बोलू नकोस. भांडं धुऊन घरी आणलंय, बायकोने त्यात चिंच भरली.

तुझं कसं? गुडघा? मंजूचं नर्सिंगचं झालं का? छपराचं काम पावसाआधी उरक.

एक काम कर. घराची किल्ली दादाकडून घे, मागची खिडकी उघड आणि बँकर लागतानाचा आवाज रेकॉर्ड करून पाठव. रात्रीच्या गाडीचा, तेव्हा कुत्री कमी असतात. तू मध्ये बोलू नकोस. दादाला मी महिनाअखेरपर्यंत थांब म्हटलंय.

तुझा,
पश्या