समितीवर जायचं की नाही

सिडनी

प्रिय सुमे,

भावोजींचा स्कॅन स्वच्छ आला हे वाचून जीव भांड्यात पडला. आता बागेत खुशाल खपू देत, पण टोपी घातल्याशिवाय नाही म्हणावं. एक कॅन्सर पुरे झाला.

तुझ्या रुग्णालयाने कॅन्सर विभागाच्या सल्लागार समितीवर ‘भारतीय समाजाची प्रतिनिधी’ म्हणून बोलावलंय आणि तुला शंका येतेय की आपण नुसत्या शोभेला. शंका रास्त आहे, तरी जा. फक्त काही गोष्टी आधीच कबूल करून घे.

पहिलं म्हणजे, ते तुझ्यावर उपकार करत नाहीयेत. रुग्णांना बरोबर घेऊन सेवा आखणं हे इथल्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांतच आहे आणि रुग्णालयाची मान्यता त्या मानकांवर ठरते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियन कॅन्सर प्लॅनमध्येही वेगवेगळ्या भाषांच्या आणि संस्कृतींच्या लोकांकडे खास लक्ष द्यायचं ठरलंय. तेव्हा गरज त्यांनाही आहे. हे मनात ठेवलंस की बोलताना आवाज दबत नाही.

आता जरा कडू. तुलाच का बोलावलं? इंग्रजी फर्डं, गाडी चालवतेस, ईमेलला वेळेवर उत्तर देतेस आणि डॉक्टरांपुढे आवाज चढवत नाहीस. आमच्या रुग्णालयाच्या अशाच समितीवर माझीही निवड अशीच झाली होती. २०२१ च्या जनगणनेनुसार या देशात घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणारे २२.८ टक्के लोक आहेत आणि त्यांच्यातल्या साडेआठ लाखांहून अधिक जणांनी इंग्रजी नीट येत नाही किंवा मुळीच येत नाही असं नोंदवलंय. सगळा खटाटोप आहे त्यांच्यासाठी, आणि खुर्चीत बसतो आपण. म्हणून तुझं पहिलं काम हेच, की शेजारच्या खुर्चीत त्यांच्यापैकी कुणीतरी आणून बसवायचं.

याने काय फरक पडतो सांगते. आमच्याकडे कितीतरी वेळ एकच रड चालू होती, की ‘अमुक भाषेचे रुग्ण अपॉइंटमेंटला येत नाहीत’. कुणी म्हणे आजाराची लाज वाटते, कुणी म्हणे नशिबावर भरवसा ठेवतात. मग एक व्हिएतनामी आजी दुभाष्याला घेऊन आल्या आणि त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला. रुग्णालयाचा फोन येतो तेव्हा नंबर दिसत नाही, आणि नंबर न दिसणारा फोन त्या उचलतच नाहीत, कारण फसवणारेही तसेच फोन करतात. मेसेज येतो तो इंग्रजीत, नातू शाळेतून आला की वाचून दाखवतो, तोवर रिसेप्शन बंद झालेलं असतं. फाइलवर मात्र शेरा पडतो, ‘रुग्ण आला नाही’. तिथे बसलेल्या आम्हा शहाण्यांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. लाज आणि नशीब यांवर मात्र आम्ही भरपूर बोललो होतो!

दुभाष्यांचंही असंच. फोनवरून दुभाषी देणारी सरकारी सेवा १९७३ पासून आहे, १३१ ४५० हा नंबर तुला पाठच असेल. सेवा चांगली आहे. पण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जाणार, आणि भेटीची वेळ मात्र सगळ्यांना सारखीच! मग डॉक्टर घाई करतात, मुलगी म्हणते ‘मीच सांगते आईला’, आणि आईपर्यंत काय पोचतं ते देव जाणे. दुभाषी लागणाऱ्या रुग्णाला मुळातच दुप्पट वेळ द्या, हा आग्रह धर. पैशाचं कारण पुढे येईल. अर्धवट समजलेली केमो जास्त महाग पडते, असं मी तेव्हा म्हणते.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. समाज लहान असला की दुभाषी ओळखीचाच निघतो. ज्या बाईला लेकीचं लग्न ठरेपर्यंत आजार कुणाला कळू द्यायचा नाही, ती त्याच्यासमोर तोंड कसं उघडेल? आमच्याकडे आता ‘दुसऱ्या राज्यातला, फोनवरचा दुभाषी चालेल का?’ असं आधी विचारतात. खर्च काहीच नाही, पण हेही कुणीतरी आतून सांगावं लागलं.

एका सापळ्यात मात्र पाय घालू नकोस. ‘भारतीयांमध्ये कसं असतं?’ असा प्रश्न हमखास येईल. पंजाबी ट्रकचालक, फिजीहून आलेली आजी आणि तू, तिघांचं मिळून एकच उत्तर कुठून देणार? माझ्या सासूबाईंचंच बघ. आजाराचं नावही त्यांच्यापुढे काढायचं नाही असं घरात ठरलेलं. आमचे हे गाडी पार्क करायला गेले तेवढ्यात त्यांनी फोनवरच्या मराठी दुभाष्यामार्फत डॉक्टरांना विचारून घेतलं, कुठवर पसरलाय आणि हाताशी किती दिवस आहेत. एका घरात हे, मग समाजाचं काय सांगायचं! मी इतकंच म्हणते की किती सांगायचं आणि कुणासमोर सांगायचं, हे प्रत्येक रुग्णाला सुरुवातीलाच, शक्यतो एकटं असताना विचारा.

पत्रकं भाषांतर करून देण्यावर समाधान मानू नकोस. तयार पत्रक पुढे ठेवतील आणि ‘दहा भाषांत काढतोय’ म्हणून सांगतील. अनेक रोहिंग्या स्त्रियांना कुठलीच लिपी वाचता येत नाही, त्यांना आवाजातला निरोप हवा. शिवाय कधीकधी पत्रक नव्हे, पद्धतच बदलावी लागते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीच्या तपासणीचा नमुना स्वतःच घेण्याची मुभा जुलै २०२२ पासून इथे सगळ्या पात्र स्त्रियांना आहे. संकोचापायी वर्षानुवर्षं तपासणी टाळणाऱ्या बाईला यापुढे कितीही सुंदर छापलेलं पत्रक फिकं. म्हणून आराखडा कोरा असतानाच आम्हाला बोलवा, असं पहिल्याच दिवशी सांगून टाक.

मानधन माग. तुला नको असेल तरी माग, कारण तू ‘राहू दे’ म्हणालीस की शिफ्ट बुडवून येणाऱ्या सफाई कामगार बाईलाही कुणी देणार नाही. बैठकीला दुभाषी, कागद आठवडाभर आधी, आणि वेळ कामकरी माणसाला जमेल अशी. मागच्या वेळी आम्ही जे सांगितलं त्याचं काय झालं, हा विषय दर बैठकीत सुरुवातीलाच घ्यायला लाव. शेवटी ठेवला की वेळ संपतो.

सगळं मिळेल असं नाही. भेटीच्या वाढीव वेळेसाठी आम्ही अजून भांडतोच आहोत, आणि औषधांच्या चाचण्यांमध्ये इंग्रजी न येणाऱ्यांना घेण्याचा विषय काढला की अजूनही खोलीत खोकले सुरू होतात. पण नंबर न दिसणारे फोन थांबले. आता आधी त्या त्या भाषेत मेसेज जातो, मग फोन.

होकार कळवण्याआधी त्यांचं पत्र मला पाठव. कशाला हो म्हणायचं आणि कशाला नाही, ते रविवारी फोनवर बसून ठरवू. भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
शैला