जादा हात कधी मागावा, कधी सोडावा

महोदय,

आपल्या ब्रिजच्या सदरात डाव छान उलगडून दाखवलेले असतात. पण तो डाव कोणत्या गुणपद्धतीत खेळला गेला, हे बहुधा छापलेले नसते. मग ‘डिक्लेअररने येथे जादा हात घालवला’ (म्हणजे बोली जिंकून डाव खेळणाऱ्याने करारापलीकडची, जिंकता येणारी एक फेरी गमावली) हा शेरा रास्त की अन्यायाचा, हे वाचकाने ठरवायचे कसे?

उदाहरण घ्या. करार तीन नो ट्रम्प, म्हणजे हुकमाशिवाय नऊ हात जिंकण्याची बोली; तुम्ही व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे. डमीत (जोडीदाराच्या टेबलावर उघड्या ठेवलेल्या पानांत) चौकटचे एक्का, राजा, राणी, तिर्री, दुर्री. तुमच्याकडे छक्की, पंजी, चव्वी. इतर रंगांत पाच हात रोख आहेत, म्हणजे चौकटचे चार पुरतात. डमीत दुसरी एंट्री, म्हणजे तिथे पोचवणारे दुसरे जिंकणारे पान, नाही. विरोधकांकडची पाच चौकट 68 टक्के वेळा 3-2 वाटलेली असतात. तेव्हा वरून तिन्ही मोठी पाने खेळली की पाचही हात आपले, एकूण दहा. 28 टक्के वेळा वाटणी 4-1 असते. अशा वेळी चौथी फेरी विरोधकाची, आणि उरलेले शेवटचे पान जिंकणारे असूनही तिथे पोचायला वाट नाही. आठच हात, करार बुडाला.

यावरचा उपाय म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीला डमीतून लहान पान टाकून हात सोडणे. मग दोन्ही वाटण्यांत चार हात होतात. तिसऱ्या फेरीपर्यंत थांबलात तर हातातली चौकट संपते आणि डमी अडकते. सोडण्यापूर्वी एक मोजणी मात्र करावीच: हा हात धरून विरोधकांचे चारपेक्षा जास्त होणार नाहीत ना?

आता गुण. जादा हाताचे 30, म्हणजे संघांच्या सामन्यात 1 आयएमपी (दोन टेबलांवरच्या गुणांच्या फरकावरून मिळणारा गुण). करार बुडाला तर 600 ऐवजी उणे 100. फरक 700, म्हणजे 12 आयएमपी. येथे हात न सोडणारा खेळाडू धाडसी नव्हे, बेहिशेबी. मॅचपॉइंटमध्ये, म्हणजे तोच डाव खेळणाऱ्या प्रत्येक जोडीशी तुलना होते तिथे, तोच खेळ उलटतो. तिथे फरक 30 चा असो वा 700 चा, समोरच्या जोडीवर मात एकच; सगळे याच करारात असतील तर 28 साठी 68 सोडणे वेडेपणाचे. त्यालाही अपवाद आहेतच. बहुतेक जोड्या गेमपर्यंत (मोठे बक्षीस देणाऱ्या बोलीपर्यंत) पोचल्याच नसतील, किंवा विरोधकाच्या पहिल्या उतारीनेच (पहिल्या पानानेच) तुम्हाला एक हात फुकट मिळाला असेल, तर करार पुरा करणे हीच मोठी कमाई; तेव्हा मॅचपॉइंटमध्येही हात सोडावा.

डबल झालेल्या (विरोधकांनी ‘बुडेल’ म्हणून आव्हान दिलेल्या) कराराचे गणित आणखी वेगळे. तिथे प्रत्येक जादा हाताला रंग कोणताही असो, 100 गुण, व्हल्नरेबल असल्यास 200. रबर ब्रिजमध्ये (जिथे आधी दोन गेम जिंकणारी बाजू रबर जिंकते) जादा हाताचे गुण रेघेच्या वर, बक्षिसांच्या रकान्यात जातात आणि गेमसाठी लागणाऱ्या 100 मध्ये धरले जात नाहीत, म्हणून त्यासाठी करार पणाला लावण्यात काहीच अर्थ नाही.

तेव्हा विनंती अशी, की प्रत्येक डावाच्या आकृतीखाली गुणपद्धत, कोण व्हल्नरेबल आणि पहिली उतारी एवढे तरी छापावे. मॅचपॉइंटचा डाव असेल तर इतर टेबलांवरचे करारही द्यावेत.

– एक ब्रिजप्रेमी वाचक