सराट्याचा अर्क आणि उन्हाळीचा इलाज

संपादक महोदय,

महाविद्यालयांची विज्ञान प्रदर्शनं भरली की सराटे, पुनर्नवा, पळसफुलांचे अर्क लघवीच्या संसर्गातले जिवाणू मारतात, अशी बातमी येते. बातमीत जिवाणू न वाढलेल्या वर्तुळाचे मिलिमीटर असतात. अर्क किती घातला, ते नसतं. मेख तिथेच आहे.

जिवाणू पसरलेल्या प्लेटमधल्या आगरात (जिवाणू वाढवायच्या जेलीत) पाडलेल्या खाचेत १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा अर्क ५० मायक्रोलिटर घातला, तर तो ५ मिलिग्रॅम होतो. तुलनेसाठी शेजारी ठेवलेल्या जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या चकतीत औषध असतं १० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाचशेपट कमी. मग वर्तुळं सारखी आली तर त्यात अर्काचं कौतुक ते काय?

अर्क काढायला वापरलेलं मिथेनॉल हे द्रावक पुरतं उडवलं नसेल, तर वर्तुळ मिथेनॉलचंच. म्हणून प्रत्येक प्लेटमध्ये नुसत्या द्रावकाची एक खाच हवी. हिरड्यासारख्या तुरट अर्काचा सामू (पीएच) मोजावा, आम्लानेही जिवाणू अडतात. या चाचणीसाठीच्या ठरावीक आगराचा, म्युलर-हिंटन आगराचा, थर ४ मिलिमीटरच ठेवावा. पातळ झाला की वर्तुळ फुगतं. जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफारलंडइतकं (गढूळपणाचं प्रमाण माप) गढूळ, तापमान ३५ अंश, वेळ १६ ते १८ तास. आपल्याकडे मे महिन्यात रात्री वीज गेली की इनक्युबेटरचा (जिवाणू वाढवायच्या उबपेटीचा) भरवसा नाही. अशा वेळी ई. कोलाय जिवाणूच्या एटीसीसी २५९२२ या, चाचणी तपासायला वापरतात त्या प्रमाण वाणावर जेंटामायसिनचं वर्तुळ १९ ते २६ मिलिमीटरमध्ये बसतं का ते पाहावं. बसलं नाही, तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद.

खरी परीक्षा पुढे. अर्क निम्मा-निम्मा पातळ करत जाऊन वाढ थांबवणारं किमान प्रमाण काढावं लागतं. कच्च्या अर्काला ते मिलिलिटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या आत आलं तर पुढे जाण्यात अर्थ. हजाराच्या वर गेलं तर फारशी आशा नाही. जिवाणू वाढले की नळी गढूळ होते, पण अर्काच्या रंगामुळे तो गढूळपणा कळत नाही, म्हणून जिवाणू न घातलेली अर्काची नळीही सोबत ठेवावी.

शिवाय घरी काढा होतो पाण्यात, चाचणी होते मिथेनॉलच्या अर्काची. पोटात गेलेलं द्रव्य लघवीत किती उतरतं, हे प्लेट सांगत नाही. उलटही खरं: लघवी वाढवून उपयोगी पडणारी वनस्पती प्लेटवर नापास होईल.

रुग्णांच्या जिवाणूंच्या प्लेट उकिरड्यावर टाकू नयेत. आधी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) १२१ अंशांवर निर्जंतुक कराव्यात. आणि अशी बातमी छापताना एवढं जरूर द्यावं: उन्हाळीसोबत, म्हणजे लघवीच्या जळजळीसोबत, थंडीताप, बरगडीखाली पाठदुखी असेल किंवा बाई गरोदर असेल, तर काढ्यावर न थांबता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं.

– सूक्ष्मजीवशास्त्राचे काही शिक्षक, गडचिरोली जिल्हा